प्रवेशाला कोचिंग, परतीला वाऱ्यावर



मागचे दोन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण घरात पाहुणा होता. पाहुण्याचं वय सात महिने, दात दोन, आणि रडण्याचा आवाज पैनगंगेपलीकडे ऐकू जाईल एवढा! माझ्या भाचीच्या मुलीचं लेकरू. तिला घरात सगळे छकुली म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहिते. छकुली डॉक्टर आहे. एम.बी.बी.एस. झाली, आता बालरोग विषयात एम.डी. करतेय. दुसरं वर्ष. राज्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात. कोणत्या, ते लिहीत नाही. तिला अजून तिथेच परीक्षा द्यायची आहे.

सहा महिन्यांची रजा संपवून ती रुजू झाली, तेव्हा बाळाला सांभाळायला माझी भाची तिच्याजवळ जाऊन राहिली. पंधरा दिवसांत भाचीचा गुडघा सुजला, एकटीनं होईना, आणि आजी-नातू दोघंही देऊळघाटला आमच्याकडे आले. आई तिकडे, लेकरू इकडे. रात्री दोन वाजता फोनवर आईचा चेहरा बघून ते पोरगं पडद्याला तोंड लावायचं. हे पाहिल्यावर माझं डोकं जे तापलं ते अजून थंड झालेलं नाही. म्हणून आजचं लिखाण जरा कडक होणार आहे. नातेवाईकांनी सांभाळून घ्यावं. (की घेऊ नये, तेच बरं.)

आधी काय झालं ते सांगते.

छकुली रुजू झाली त्याच दिवशी तिच्या युनिटचा इमर्जन्सी डे होता. सकाळी आठला गेलेली मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला होस्टेलवर परतली. बत्तीस तास. ह्या बत्तीस तासांत अंगावरचं दूध काढायला तिला दोनदा वेळ मिळाला, आणि जागा मिळाली ती वॉर्डाच्या टोकाला असलेल्या संडासात. तिसऱ्या दिवशी छातीत दुधाच्या गाठी आणि एकशे दोन ताप. आणि ह्याच मुलीचं दिवसभराचं काम काय? वॉर्डातल्या बाळंतिणींना समजावणं, की बाई, सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाज, पुढेही पाजत राहा, दूध तुंबू देऊ नकोस.

कोणी तिच्याशी वाईट वागलं असंही नाही. सरांनी विचारलं, "सगळं ठीक?" ती म्हणाली, "हो सर." झालं! सहा महिन्यांत वॉर्डातली औषधांची पद्धत बदलली होती, नवं यंत्र आलं होतं, तिच्या मागच्या तुकडीची मुलं तिच्या पुढे गेली होती. कोणाला विचारावं, कधी विचारावं, काही ठरलेलं नाही. पहिल्याच रात्री एका तान्ह्याला सुई लावताना हात थरथरला, असं ती मला म्हणाली. आणि मग म्हणाली, "मावशीआजी, मी सोडून देऊ का हे?"

मी चौतीस वर्षं शिकवलं. 'सोडून देऊ का' असं विचारणारी शेकडो मुलं पाहिली. पण त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही.

ह्यानंतर आठ-दहा दिवसांनी चिखलीला एका लग्नात आमच्या ओळखीचे एक जुने डॉक्टर भेटले. वयानं माझ्याएवढेच, माणूस चांगला, गरिबांकडून कधी पैसे घेतले नाहीत. मी त्यांना छकुलीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, तिकडे इंग्लंडात अशा मुलींना रजेवरून परत येताना हाताला धरून बसवणारं कोणी नेमून देतात, मार्गदर्शन, कोचिंग असतं, आपल्याकडे का नसावं? डॉक्टरसाहेब हसले. म्हणाले, "बाई, ह्या मुलींनी तीन वर्षं दम धरला तर काय बिघडतं? आणि कोचिंग कसलं? लेकरू सांभाळायचं कोचिंग?" शेजारचे चार जणही हसले. पंगत बसली, विषय संपला.

माझा संपला नाही. पंगतीत बोलता आलं नाही ते इथे बोलते.

पहिली गोष्ट 'कोचिंग' ह्या शब्दाची. ह्या शब्दाला हसणारा समाज कोणता? बुलढाण्याच्या बसस्टँडवरून बाहेर पडा आणि मान वर करून बघा. नीट कोचिंगच्या फलकांवर मुलांचे फोटो आणि मार्क. लातूरला पाठवा, कोट्याला पाठवा. दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, होस्टेल, डबा. शेताचा तुकडा विकून फी भरलेली घरं मला माहीत आहेत. पोर डॉक्टर व्हावी म्हणून दारातून आत ढकलेपर्यंत आपल्याला कोचिंग हवं, कितीही महाग असो. तीच पोर डॉक्टर झाल्यावर, अंगावर दूध असताना, सहा महिन्यांच्या खंडानंतर त्या दारातून पुन्हा आत शिरते तेव्हा मात्र कोचिंग म्हणजे चेष्टेचा विषय! हा हिशोब मला कळत नाही.

दुसरी गोष्ट शाळेतली. कारण मला डॉक्टरकी कळत नाही, पण शिकवणं कळतं, आणि निवासी डॉक्टर ही शेवटी शिकणारी मुलगी आहे. आठवीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. मुदतीच्या तापानं दोन महिने घरी. परत आला तेव्हा काटकुळा, घाबरलेला. आम्ही काय केलं? त्याला पहिल्या बाकावर बसवलं. एका हुशार मुलाच्या वह्या त्याला दिल्या. गणिताच्या सरांना सांगितलं, पंधरा दिवस ह्याला फळ्यापाशी उभा करू नका. मधल्या सुट्टीत मी रोज दहा मिनिटं घेत होते. महिनाभरात पोरगा रांगेला लागला. ह्याला आम्ही कोचिंग म्हणत नव्हतो, मास्तरकी म्हणत होतो. ज्या शाळेत हे होत नाही तिथून मुलं गळतात, आणि मग आपण म्हणतो पोरालाच शिकायचं नव्हतं.

छकुलीच्या कॉलेजात मास्तर भरपूर आहेत. त्यातल्या एकाचंही हे काम नाही, हीच तर रड आहे.

आता त्या 'दम धरा' वाल्या सल्ल्याकडे येते. हिशोब मांडू. अठराव्या वर्षी मेडिकलला प्रवेश. साडेपाच वर्षं एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप. म्हणजे साडेतेवीस. सरकारी कॉलेज असेल तर एक वर्षाचा बाँड. पी.जी.च्या परीक्षेला पहिल्याच फटक्यात हवी ती जागा मिळणारे थोडे; एक-दोन वर्षं त्यात जातात. म्हणजे सव्वीस-सत्तावीसला पी.जी. सुरू, तीसला संपलं. मग पुन्हा बाँड. सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन वर्षं. दम धरायचा तो कुठवर? हेच डॉक्टर ओपीडीत बसून दुसऱ्यांच्या सुनांना सांगतात, बाई, तिशीच्या आत पहिलं होऊ द्या. मग स्वतःच्या विद्यार्थिनीला उलटा सल्ला का? आणि हा सल्ला मुलग्यांना कोणी दिल्याचं मी ऐकलं नाही. पी.जी. करताना बाप झालेले कितीतरी डॉक्टर पेढे वाटतात.

मूल कधी व्हावं हे तिचं आणि तिच्या नवऱ्याचं ठरवणं. विभागाचं काम एवढंच, की तिनं ठरवल्यावर तिचं शिक्षण मोडू नये.

"पण कायद्यानं रजा तर मिळते ना?" असं कोणी म्हणेल. मिळते. कागद बघू. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असंही त्यात होतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या होत्या. आणि एक गोष्ट तर मुळापासून, १९६१ पासून आहे. दिवस भरत आलेल्या बाईनं विनंती केली तर तिला कष्टाचं, फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये. आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि ह्या तरतुदी तिच्यातही आहेत. वैद्यकीय शिक्षणाचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीतही सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा द्यावी असं आहे. निवासी डॉक्टरांना कामाचे तास वाजवी असावेत आणि विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा, असंही आहे.

वाचायला किती गोड! पण 'वाजवी' म्हणजे किती तास? १९९२ साली केंद्र सरकारनं निवासी डॉक्टरांसाठी सांगितलं होतं, सलग बारा तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. त्याला तीस वर्षं होऊन गेली. २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या कृतिगटानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. त्यात शिफारस होती की आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांच्या वर काम नको आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी. अठ्ठेचाळीसवरून चौऱ्याहत्तरवर आलो, आणि तीसुद्धा शिफारसच. छकुलीनं पहिल्या दोन दिवसांतच त्यातले बत्तीस संपवले होते.

आणि खरी गोम पुढेच आहे. काम घ्यायचं असतं तेव्हा ह्या मुली डॉक्टर असतात. पाळणाघर, जादा सुट्टी, बसून करण्याचं काम असं काही मागितलं की लगेच त्या विद्यार्थिनी होतात. कामाला डॉक्टर आणि हक्काला विद्यार्थी! असा दुहेरी सदरा मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिला नाही.

रजेचंसुद्धा सगळीकडे सरळ असतं असं समजू नका. दिल्लीतल्या एका सरकारी सुपरस्पेशालिटी रुग्णालयातल्या कंत्राटी सीनिअर रेसिडेंट, डॉ. कविता यादव. २०१७ च्या जूनमध्ये त्यांनी बाळंतपणाची रजा मागितली. त्यांचं कंत्राट अकरा दिवसांत संपणार होतं, म्हणून त्यांना रजा मिळाली अकरा दिवसांची. कायद्यात २६ आठवडे, हातात ११ दिवस. बाई लढल्या. लवादात हरल्या, उच्च न्यायालयात हरल्या, आणि शेवटी १७ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंत्राट संपलं म्हणून मातृत्वाचा लाभ संपत नाही, पूर्ण लाभ द्या. जून २०१७ ते ऑगस्ट २०२३. तोवर ते मूल शाळेत जाऊ लागलं असेल! एका शिकलेल्या डॉक्टरणीला आपल्या हक्काच्या रजेसाठी सहा वर्षं लागत असतील, तर आमच्या शेतमजूर बायांचं काय बोलावं.

बरं, रजा मिळाली असं धरू. छकुलीला मिळाली. पण रजा म्हणजे जाण्याची सोय. येण्याची सोय कुठे आहे? पी.जी.ला वर्षाची ऐंशी टक्के हजेरी लागते. सहा महिने गेले की मुदत वाढते, परीक्षा पुढे जाते, बरोबरच्या मुली पास होऊन निघून जातात. प्रबंध अर्धवट, त्यातले रुग्ण निसटलेले. हे सगळं पुन्हा कसं जोडायचं, हे बसून ठरवायला कोणी नाही. म्हणून मी म्हणते, मार्गदर्शक हवा. ह्यालाच तिकडे कोचिंग म्हणतात.

इंग्लंडचं थोडं सांगते, कारण डॉक्टरसाहेबांना तो भाग पूर्ण ऐकायचा नव्हता. २०१६ साली तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी मोठा संप केला. त्यानंतरच्या तडजोडीतून, इतर गोष्टींबरोबर, ही योजना निघाली. तीन महिने किंवा जास्त काळ प्रशिक्षणापासून दूर राहिलेल्या डॉक्टरला परत येताना आधार द्यायचा. बाळंतपण असो, आजारपण असो, म्हाताऱ्या आईबापांची सेवा असो. जाण्याआधी एक बैठक, परत येण्याआधी एक, आल्यावर एक. सुरुवातीचा काळ जास्त देखरेखीखाली काम, एकटीवर जबाबदारी नाही. शिवाय तिथल्या कायद्याप्रमाणे रजेत असतानाही, तिची इच्छा असेल तर, दहा दिवसांपर्यंत कामावर येऊन जाता येतं. रजा मोडत नाही, पैसे मिळतात, आणि हात बसलेला राहतो. तिथे सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. तिथलेही डॉक्टर संप करतातच की! पण एवढं त्यांना कळलं, की माणूस परत येणं हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे.

आता विरोधकांचे मुद्दे घेते. शिक्षिका आहे, दुसरी बाजू न मांडता निबंधाला मार्क देत नाही. :)

पहिला मुद्दा: "एक मुलगी रजेवर गेली की तिचं काम बाकीच्यांच्या डोक्यावर. त्यांनी काय पाप केलं?" हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. छकुलीच्या दोन मैत्रिणींनी सहा महिने तिच्या रात्री काढल्या. त्या तिच्याशी आता मोजकं बोलतात. पण ह्यात दोष कोणाचा? शाळेत बाई बाळंतपणाला गेल्या की लीव्ह व्हेकन्सीवर शिक्षक यायचा. कधी उशिरा यायचा, कधी कच्चा असायचा, पण यायचा. सातवीच्या वर्गाला कोणी असं सांगत नव्हतं की तुमच्या बाई येईपर्यंत आठवीच्या बाई दोन्ही वर्ग एकाच वेळी घेतील. खेड्यातल्या शाळेला जे जमत होतं ते शेकडो खाटांच्या रुग्णालयाला का जमू नये? बदली डॉक्टर न देता पोरींना पोरींवर सोडायचं, आणि मग म्हणायचं, "बायकाच बायकांच्या वैरी." वा रे वा!

दुसरा मुद्दा: "रुग्णांचं काय? रुग्णसेवा आधी." मान्य, रुग्ण आधी. म्हणूनच विचारते, सहा महिन्यांनी परतलेली, ताप असलेली, बत्तीस तास न झोपलेली डॉक्टर माझ्या नातवाला सुई लावायला हवी का? मला तर नको. पहिले पंधरा दिवस तिच्याबरोबर कोणी उभं राहिलं तर त्यात फायदा आधी रुग्णाचा आहे.

तिसरा मुद्दा, सगळ्यात जुना: "आमच्या वेळी नव्हतं असं काही. बाया वावरात बाळंत होत आणि चौथ्या दिवशी खुरपायला जात." जात होत्या, खरं आहे. आणि मरतही होत्या, तेही सांगा. मराठी मुलखातली पहिली डॉक्टरीण कोण? आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून मुलगी उठली ती थेट अमेरिकेला गेली, १८८६ साली डॉक्टर झाली, आणि तिच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता. परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. आपली डॉक्टरकी सुरूच झाली ती एका आईच्या दुःखातून. आता त्या विद्येच्या घरात आईलाच अवघडल्यासारखं व्हावं?

२०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचे मृत्यू होत होते, महाराष्ट्रात ३३. आपला आकडा एवढा खाली आला त्यात आशाताई आहेत, परिचारिका आहेत, आणि रात्र रात्र लेबर रूममध्ये उभ्या राहणाऱ्या ह्याच निवासी पोरी आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. चांगली योजना आहे. त्या रांगेतल्या बाईला 'जास्त उभी राहू नको' असं सांगणारी डॉक्टर स्वतः आठव्या महिन्यात दुपारपर्यंत उभी असते, हे मात्र कोणाच्या रजिस्टरात चढत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. नाहीतर हे सगळं मी फार साळसूदपणे लिहिलं असं होईल.

मला माझ्या वेळी नव्वद दिवस रजा मिळाली होती. थोरला अडीच-तीन महिन्यांचा असताना शाळेत परतले. मधल्या सुट्टीत पदर सावरत घरी पळत जायचे, पाजून घंटेच्या आत परत. कोणी मदत केली नाही, आणि मी मागितलीही नाही. पुढे वीस वर्षांनी मी शाळेत सगळ्यात ज्येष्ठ बाई झाले. एक तरुण शिक्षिका रजेवरून आली. तिनं विचारलं, "बाई, शेवटचा तास मला नको देता येईल का? बाळ सायंकाळी फार रडतं." वेळापत्रक माझ्याच हातात होतं. मी काय म्हणाले असेन? "आम्ही नाही का केलं?"

चार शब्द. ती काही बोलली नाही. वर्षभरानं तिनं नोकरी सोडली. गणित शिकवायची, उत्तम शिकवायची. नंतर तिच्या जागी आलेल्या सरांचं गणित यथातथाच होतं. तिच्या जाण्याला आणखीही कारणं असतील, पण त्या चार शब्दांचा वाटा मी नाकारू शकत नाही. लग्नाच्या पंगतीत डॉक्टरसाहेब हसले तेव्हा मला राग आला तो निम्मा स्वतःचाच होता. आपण सोसलं ते पुढच्यानं सोसायलाच हवं, ही सासुरवासाची रीत. सून म्हणून रडलेली बाईच सासू झाल्यावर ती चालवते. मोठमोठ्या विभागांतून, पांढऱ्या कोटांतून हीच रीत चालते, आणि तिला नाव मात्र 'शिस्त' असं देतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पहिलं कोचिंग विभागप्रमुखांना द्या. खोटं नाही सांगत. विद्यार्थिनीनं 'मला दिवस आहेत' असं सांगितल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्यांना शिकवायला हवं. छकुलीला ऐकावं लागलं होतं, "आत्ताच?" मला कोणी त्या काळी शिकवलं असतं तर आमच्या शाळेतली गणिताची बाई टिकली असती.

मग हवं तरी काय? फार नाही. पाच गोष्टी.

एक, रजेवर जाण्याआधी मार्गदर्शकाबरोबर एक बैठक आणि एक कागद: परीक्षा कधी, प्रबंधाचं काय, मुदत किती वाढणार. दोन, प्रत्येक अशा मुलीला एक ठरलेली ज्येष्ठ डॉक्टर, शक्यतो ह्यातून स्वतः गेलेली, आणि जिच्या हातात तिचे मार्क नाहीत अशी. मार्क देणाऱ्यापुढे कोणी रडत नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. तीन, परतल्यावर पहिले दोन आठवडे एकटीची रात्रपाळी नाही, आणि हात बसेपर्यंत शेजारी कोणीतरी. चार, दूध काढायला एक कडी असलेली खोली, एक फ्रीज, आणि तिथे जायला वेळ. पाच, रजेच्या काळात बदली डॉक्टर.

चौथ्या मुद्द्याबद्दल एक सांगू? आपल्याकडे एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात. नाव किती छान शोधलं! रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरलेली हिरकणी. पण त्या गोष्टीतला बोध आपण कोणता घेतला? महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि त्या कड्यावर बुरूज बांधला, असं सांगतात. आपण बुरूजही बांधत नाही आणि दरवाजाही उघडत नाही. उलट म्हणतो, बघा कशी उतरते! आणि टाळ्या वाजवतो. मला माझ्या छकुलीचं कौतुक नको आहे. तिला दरवाजा उघडा हवा आहे.

आणि हे सगळं मी बुलढाणा जिल्ह्यात बसून का लिहितेय? कारण आपण स्वतःला मातृतीर्थ जिल्हा म्हणवतो. सिंदखेडराजा आपला, जिजाऊ आपल्या. दर १२ जानेवारीला किती गर्दी! आणि २०२४ पासून बुलढाण्याला आपलं स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं आहे, शंभर जागांचं. त्या वर्षी राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं झाली, त्यातलं हे एक. आपल्या गावच्या, आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली आता घराजवळ डॉक्टर होतील. आज ना उद्या तिथे पी.जी.ही येईल. जुन्या कॉलेजांत रूढी मुरलेल्या असतात, भिंती बदलणं जड जातं. इथे तर अजून सगळं घडायचंच आहे. आत्ताच त्या नकाशात एक खोली, एक पाळणाघर, आणि नियमात ह्या पाच ओळी घालायला काय हरकत आहे? मातृतीर्थ हा शब्द कमानीवर लिहून भागत नाही.

काल भाची बाळाला घेऊन परत गेली. गुडघा बरा आहे. छकुलीनं सोडलेलं नाही. वॉर्डातल्या एक सिस्टर आहेत, त्यांनी स्वतःहून तिला आपली कपडे बदलायची खोली दिली, आणि रोज दुपारी "डॉक्टर, जाऊन या" म्हणतात. कोणा समितीनं त्यांना नेमलेलं नाही. एका मुलीचं एम.डी. सध्या त्या तीन शब्दांवर उभं आहे. पण प्रत्येक वॉर्डात अशा सिस्टर असतीलच असं नाही, आणि त्यांचीही बदली होते.

आमच्या गोतावळ्यात चार डॉक्टर आहेत, त्यातले दोन विभागप्रमुख. हे दोघंही माझं लिखाण वाचतात, दिवाळीला भेटल्यावर शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवतात. तर बाबांनो, ह्या वेळी चुका राहू द्या. एवढंच सांगा: तुमच्या विभागात रजेवरून परत आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी कोण भेटतं? त्या माणसाचं नाव मला कळवा. नाव नसेल, तर दिवाळीच्या आत एक ठरवा.